पंखे साफ झाल्यावर

१

बाजाराचं छप्पर मंगळवारी सकाळी तिसऱ्यांदा नाहीसं झालं.

आधी लॅपटॉपचे पंखे किंचाळले, मग पडदा काळा पडला, आणि स्मेदेरेवोच्या नव्या भाजीबाजाराचं पडद्यावर काढलेलं ते उतरतं छप्पर, ज्यावर सिमोनिदा या कचेरीत आल्यापासून मान मोडून बसली होती, कुठल्या कुठे गेलं. नेमका त्याच वेळी बुदिमिर तिच्या खुर्चीमागे उभा होता. कचेरी त्याची, लॅपटॉप त्याचा आणि छपराचं कामही त्याच्याच नावावर. त्याने लॅपटॉपच्या पोटाखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"यावर कालचं बुरेक गरम करून खाता येईल," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. तो हसवण्यासाठी बोललाच नव्हता.

मग त्याने जे सांगितलं ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. शुक्रवारी नगरपालिकेची समिती इथेच येणार आहे. छप्पर चारी बाजूंनी फिरवून दाखवायचं ते याच लॅपटॉपवर, कारण बाकीच्या यंत्रांना ते उघडायलाही झेपत नाही. सिमोनिदाची तीन महिन्यांची उमेदवारीही शुक्रवारीच संपते. समितीसमोर पडदा काळा पडला, तर सोमवारी तिने यायची तसदी घेऊ नये.

"पण साहेब, मी यात काही..."

"तुझ्या आधीचा पोरगाही यंत्रालाच नावं ठेवायचा," बुदिमिर म्हणाला आणि आपल्या खोलीत गेला. दार मात्र आठवणीने घट्ट लावून घेतलं. बाहेर कोशावा सुटला होता, आणि डॅन्यूबवरून येणारा हा वारा एकदा सुटला की माणसं आधी दारं लावतात, मग भांडतात.

हिशेबनीस विदा हे सगळं आपल्या कोपऱ्यातल्या टेबलावरून बघत होती. या कचेरीत तिची बावीस वर्षं गेली होती, आणि आकड्यांपेक्षा माणसं जुळवायची खोड तिला जास्त होती. कोणाच्या खात्यात काय जमा, काय नावे, हे ती मनातल्या मनात मांडत असे. बुदिमिरच्या नावे आज एक भित्रेपणा पडला. समितीला तो घाबरला होता आणि ओरडला पोरीवर.

सिमोनिदा रडू लपवायला बाहेरच्या बोळात गेली. तिच्या समोरच्या टेबलावर बसणारी देसा लगबगीने उठली आणि आपली लोकरीची शाल तिच्या खांद्यांवर गुंडाळत म्हणाली, "अगं, रडून तापल्या अंगाने या गार बोळात उभी राहतेस? छातीत भरेल." देसा तिशीपासून इथे नकाशे काढत होती आणि आता साठीला टेकली होती. तिच्या जमेला इतकं काही होतं की विदाने मोजणं केव्हाच सोडलं होतं.

विदा उठली. पोरगी गुणी होती. आणि गुणी माणूस बुडीत खात्यात टाकलेला तिला आवडत नसे.

२

पहिला संशय ज्याच्यावर यायचा त्याच्यावरच आला. क्रस्मान संगणक दुरुस्त करायचा आणि आठवड्यापूर्वी त्यानेच हा लॅपटॉप उघडून पंखे साफ केले होते. तोवर लॅपटॉप कुरकुरत होता, गरम होत होता, पण मरत नव्हता. साफ झाला आणि मरायला लागला. कचेरीतल्या कोणालाही यापुढे विचार करायची गरज वाटली नव्हती.

विदाने त्याला बोलावून घेतलं. क्रस्मान तोंड पाडून आला. दुकानात काल कोणीतरी त्याला 'काय रे, लॅपटॉप भाजतोस म्हणे' असं विचारलं होतं.

"मावशी, पंखे साफ केल्यावर यंत्र जास्त तापतं, हे खोटं नाही," तो म्हणाला. "पण त्याला कारणं असतात, आणि ती सगळी मी बघितली."

त्याने ती सांगितली, आणि विदाने हिशेब तपासावा तशी एकेक ऐकली. पंख्याची बारीक तार परत नीट बसली नाही तर पंखा फिरतच नाही. इथे दोन्ही फिरतात, आवाजच सांगतो. आतल्या चिपवर तांब्याची पट्टी दाबून बसवलेली असते, दोन्हींच्या मध्ये राखाडी मलम असतं. पट्टी सैल राहिली किंवा जुनं सुकलेलं मलम तसंच ठेवलं तर उष्णता बाहेर निघत नाही. त्याने नवं मलम लावलं होतं आणि स्क्रू पुन्हा आवळून बघितले होते. कधी ब्रशने झाडताना धूळ बाहेर यायच्या ऐवजी जाळीत आणखी आत जाऊन बसते. "मी जाळी उजेडासमोर धरून आरपार बघितली. आधी आत धुळीची गादी होती, मांजर झोपेल एवढी. आता पंखा असा फुंकतो की समोर मेणबत्ती टिकणार नाही."

मंगळवारी दुपारी त्याने लॅपटॉप दुकानात नेला, तेच छप्पर उघडून संध्याकाळपर्यंत गरागरा फिरवत ठेवलं, आणि परत आणून दिला. लॅपटॉपला साधा घामही फुटला नव्हता.

"म्हणजे तुझ्याकडे थंड आणि आमच्याकडे गरम," विदा म्हणाली.

"तेच तर. सासरी ताप, माहेरी बरा."

सिमोनिदाने त्यात भर घातली. पाच वाजले, सगळे घरी गेले आणि ती एकटी काम करत बसली, की लॅपटॉप कधीच बंद पडत नाही. हे तिने बुदिमिरला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बघ, मन लावून काम केलंस की चालतो.

निघता निघता क्रस्मानचं लक्ष लॅपटॉपच्या खाली गेलं. तिथे क्रोशाने विणलेला पांढरा रुमाल होता. असे रुमाल देसाने कचेरीत सगळीकडे पसरले होते, फोनखाली, छपाईयंत्रावर, कॉफीच्या डब्याखाली.

"हे कधीपासून?" त्याने विचारलं. "लॅपटॉप खालूनच श्वास घेतो."

सिमोनिदाने रुमाल ओढून काढला. क्रस्मानचा चेहरा उजळला. विदाचा मात्र नाही. तो रुमाल नाताळच्याही आधीपासून तिथे होता, हे तिला पक्कं आठवत होतं.

३

बुधवारी लॅपटॉप दिवसभर चालला.

एकदाही कुरकुरला नाही. सिमोनिदाने छप्पर फिरवलं, त्यावर पाऊस पाडला, ऊन पाडलं. संध्याकाळी तिने विदाच्या गालाचा मुका घेतला आणि रुमाल घडी करून खणात टाकला. बुदिमिरनेही दारातून डोकावून हुं केलं. त्याच्याकडून यापेक्षा जास्त कौतुक कोणी मागत नसे.

त्या दिवशी कचेरी अर्धी रिकामीच होती. देसाच्या घरी स्लावा होता, कुलसंताचा सण, त्यामुळे ती सकाळपासून भट्टीपाशी आणि पाहुण्यांपाशी. इंजिनियर रात्को बांधकामावर गेला होता.

गुरुवारी दोघं परत आली. देसाने सणाचे केक मोठ्या ताटातून आणले आणि प्रत्येकाला दोन दोन घ्यायला लावले. कोशावा खिडक्यांवर आदळत होता. सिमोनिदाला उकडलं म्हणून तिने खिडकीची फट उघडली, तर एकाच वेळी तीन आवाज आले की वारा लागेल, बंद कर. तिने बंद केली. ती दक्षिणेकडच्या डोंगरांतून आली होती. तिथेही लोक वाऱ्याने दुखणं येतं असंच मानत, त्यामुळे वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

दुपारच्या आत पंखे किंचाळले आणि पडदा काळा पडला. रुमाल खणातच होता.

या वेळी सिमोनिदा रडली नाही. ती काळ्या पडद्यात स्वतःचा चेहरा बघत बसून राहिली, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. उद्या सकाळी समिती होती.

४

आता उघडपणे एकच नाव घेण्यासारखं उरलं, रात्कोचं.

रात्कोच्या कुमच्या, म्हणजे त्याच्या मुलांच्या धर्मपित्याच्या, मुलाला हीच जागा हवी होती, आणि ते रात्कोने लपवलंही नव्हतं. कुमचा शब्द सख्ख्या भावाच्या शब्दापेक्षा जड. बुधवारी रात्को नव्हता, लॅपटॉप चालला. गुरुवारी आला, लॅपटॉप मेला. बुदिमिरसुद्धा हळूच हेच पुटपुटला.

विदाने त्याला कॉफी करून दिली आणि सरळ विचारलं. रात्को चिडला नाही. त्याने कप खाली ठेवला.

"ती जावी असं वाटत होतं मला. अजूनही वाटतं," तो म्हणाला. "पण विदा, नुसतं वाटून यंत्र तापत असतं तर बुदिमिरची गाडी केव्हाच जळून गेली असती."

तिला हसू आलं. शिवाय रात्कोच्या बाजूने एक साक्षीदार होता, आणि तो साक्षीदार ती स्वतः होती. गुरुवारी आल्यापासून लॅपटॉप बंद पडेपर्यंत रात्को तिच्याच टेबलापाशी बसून बांधकामाच्या पावत्या लावून घेत होता. एकदाही उठला नव्हता. सिमोनिदाच्या टेबलाच्या आसपासही फिरकला नव्हता.

मग कोण? विदा बाकीची नावं मनात लावून बघत होती, तेवढ्यात सिमोनिदाचा पडदा पुन्हा काळा पडला, आणि जरा वेळाने बोळातून देसाचा आवाज आला. ती पुन्हा सिमोनिदाला समजावत होती आणि पुन्हा आपली शाल तिच्याभोवती गुंडाळत होती. विदा बाहेर गेली तेव्हा शालीचं एक टोक जमिनीवर लोळत होतं. विदाने वाकून ते उचललं आणि खांद्यावर टाकायला गेली.

तिचा हात तिथेच थांबला.

शाल गरम होती. अंगाच्या उबेने होते तशी नव्हे, भट्टीतून आत्ता काढलेल्या पावासारखी. आणि मधला एक पट्टा बाकीच्यापेक्षा जास्त गरम होता.

कचेरीतला एकुलता हीटर रात्कोच्या खिडकीखाली होता, देसाच्या टेबलापासून पार दुसऱ्या टोकाला.

विदाने शाल नीट खांद्यावर टाकली आणि आपल्या जागेवर येऊन बसली. समोर देसा परत आपल्या खुर्चीत बसत होती. बसताना तिने सिमोनिदाकडून शाल परत घेतली. आणि मग विदाला ते दिसलं, जे ती इतके दिवस बघत होती आणि बघत नव्हती. देसा सकाळी येते ती नाकापर्यंत शाल गुंडाळून. बोळात जाते ती शाल गुंडाळून. दाराला फट राहिली तर उठून लावते. आणि हीच देसा आपल्या खुर्चीत तासन्‌तास उघड्या मानेने बसलेली असते.

शाल मग कुठे असते?

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. विदा मागे राहिली. तिने सिमोनिदाचा लॅपटॉप चालू केला, छप्पर फिरत ठेवलं, आणि टेबलांना वळसा घालून देसाच्या खुर्चीत जाऊन बसली. दोन्ही टेबलं एकमेकांना चिकटून होती. या बाजूने छप्पर दिसत नव्हतं, उघड्या झाकणाची काळी पाठ दिसत होती. देसाच्या फायलींची रांग तिच्या दोन्ही बाजूंना उभी होती, त्यामुळे इथून जे दिसतं ते कचेरीतल्या दुसऱ्या कोणालाही दिसणार नव्हतं.

थोड्या वेळाने पंखे जागे झाले. झाकणाच्या बुडाशी असलेल्या जाळीतून वारा सुटला, सरळ, जोरात, आणि विदाच्या गळ्याला लागला.

तिचा हात नकळत कॉलरवर गेला.

५

शुक्रवारी सकाळी विदाने देसाला कॉफीच्या खोलीत गाठलं आणि दार लावून घेतलं. देसा जेझ्व्यातली, लांब दांड्याच्या भांड्यातली, कॉफी फेस न मोडता ओतत होती.

"देसा, पंखे साफ व्हायच्या आधी त्या लॅपटॉपचा वारा तुला लागायचा?"

"नाही. आधी तो बरा होता." देसाने मान वर केली नाही. "त्या क्रस्मानने काय केलं कोण जाणे. धड असलेलं यंत्र असं वारं सोडतं का? पहिल्याच दिवशी संध्याकाळी माझी मान धरली. माझ्या आत्याचं तोंड वाकडं झालं होतं अशाच वाऱ्याने, बसमध्ये."

"मग तू काय केलंस?"

"शाल लावली. आणखी काय करणार. वारा येतो तिथे घडी करून लावते आणि उठले की घेऊन जाते." आणि मग तिला विदाच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं. "का गं?"

विदाने एकेक करून मांडलं. दुकानात शाल नव्हती, लॅपटॉप थंड राहिला. पाचनंतर शाल घरी जाते, लॅपटॉप थंड राहतो. बुधवारी शाल स्लाव्याला होती. रात्कोही नव्हता म्हणून सगळे त्याच्यामागे लागले, पण गुरुवारी तो माझ्या डोळ्यांसमोर होता. आणि काल मी तुझी शाल हातात धरली. "क्रस्मानने पंख्यांचं तोंड मोकळं केलं, देसा. आत साठलेली आग तिथून बाहेर पडते. तू रोज त्याच तोंडावर उशी दाबतेस. मग ते यंत्र जळून जाऊ नये म्हणून आपणहून डोळे मिटतं."

देसाने कॉफी खाली ठेवली. फेस मोडला होता.

"मला वाटलं, वारा माणसाला लागतो," ती म्हणाली. "यंत्राचं त्यात काय जातं." शाल चाचपत ती पुढे म्हणाली, "पोरगी माझ्यासमोर रडत होती आणि मी तीच शाल तिला..."

विदा म्हणाली, हे कोणालाच माहीत नाही. शाल आज खांद्यावरच ठेवलीस तर लॅपटॉप चालेल, समिती जाईल. पण बुदिमिरच्या डोक्यात पोरीने यंत्राची वाट लावली हेच राहील, आणि उमेदवारी आज संपते. मी सांगितलं तर ती चुगली. बाकी तू बघ.

देसाने शाल खांद्यावरून काढून हातात घेतली. बाहेर जिन्यावर पावलं वाजली. समिती वेळेआधीच आली होती.

६

समिती म्हणजे तीन माणसं. त्यांतला बोलणारा माणूस एकच, तादिया नावाचे गृहस्थ, जाड भुवयांचे, ज्यांना कुठल्याही चित्रात आधी खर्च दिसतो असं गावात म्हणत. सिमोनिदाने लॅपटॉप चालू केला. छप्पर उघडायला घेतलं. बुदिमिरने आधीच आपली बाजू सावरून घेतली. म्हणाला, यंत्राची जरा तक्रार आहे, नवीन मुलगी आहे, हाताळणी जमत नाही तिला, मधेच बंद पडलं तर राग मानू नका, आम्ही योग्य ती पावलं उचलतोय.

सिमोनिदाने खाली बघितलं.

"बंद पडणार नाही," देसा म्हणाली. ती आपल्या खुर्चीपाशी उभी होती. शाल तिच्या हातात होती. "या पोरीने काही बिघडवलेलं नाही. क्रस्माननेही नाही. मी ही शाल त्या जाळीवर दाबून ठेवत होते, रोज, त्याने ते तापायचं."

सिमोनिदा वळून देसाकडे बघत राहिली. रात्कोने पेन्सिल ठेवली. बुदिमिरचा चेहरा लाल होत चालला, आणि विदाला वाटलं, आता तिशीपासूनच्या नोकरीचा हिशेब इथेच, लोकांसमोर, चुकता होणार.

"का?" बुदिमिरने विचारलं.

"वारा यायचा. सरळ मानेवर."

"सरळ मानेवर?" हे तादिया होते. त्यांच्या भुवया वर गेल्या. "गार की गरम?"

"गरम."

"ते तर जास्त वाईट. घाम आणतो आणि मग गारठवतो." ते बुदिमिरकडे वळले. "आणि तुम्ही या वयाच्या बाईंना किती दिवस तिथे बसवलंत?"

"मला कुठे माहीत होतं," बुदिमिर म्हणाला.

"माझ्या मेहुण्याला असंच झालं. महिनाभर मान फिरेना," समितीतला दुसरा, आत्तापर्यंत मुका असलेला माणूस म्हणाला. तिसऱ्यानेही मान डोलावली, जपून.

बुदिमिरने रात्कोकडे बघितलं. रात्कोने खांदे उडवले. या बाबतीत त्यालाही साहेबाचंच चुकलं असं वाटत होतं. शेवटी बुदिमिरने देसाला आपल्या हाताने धरून हीटरजवळ नेऊन बसवलं, आणि आता जागा राहिलीच नव्हती म्हणून स्वतः तिच्या खुर्चीत जाऊन बसला.

छप्पर फिरू लागलं. सिमोनिदा आधी अडखळली, मग तिचा आवाज मोकळा झाला. तादियांनी खर्च विचारला, खांब विचारले, पावसाचं पाणी कुठे जाईल ते विचारलं. ती सांगत गेली. पंखे जोरात फिरत होते, पडदा उजळ होता. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हे सगळं उघडं दिसतंय. कोशावा सुटला की भाजीवाल्या बायका बसतील कशा?"

सिमोनिदाने छप्पर दुसऱ्या बाजूने वळवलं. नदीकडच्या बाजूला छप्पर जमिनीपर्यंत खाली आलं होतं, भिंतीसारखं.

"ही बाजू बंद आहे," ती म्हणाली. "मी जुन्या बाजारात जाऊन त्यांनाच विचारलं, वारा कुठून लागतो. सगळ्यांनी इकडेच बोट दाखवलं."

"हे तुमच्या आधीच्या चित्रात नव्हतं," तादिया बुदिमिरला म्हणाले.

"नव्हतं," बुदिमिर म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

"बांधकाम संपेपर्यंत माझे प्रश्न असतील. ते मी या मुलीला विचारणार. ती असेल ना इथे?"

टेबलापलीकडे बुदिमिर ताठ बसला होता. जाळीतला वारा त्याच्या गळ्यावर सरळ येत होता, आणि तीन पाहुण्यांसमोर त्याला ना उठता येत होतं ना सरकता. त्याने कोटाची कॉलर वर केली. मग आणखी वर केली.

"असेल," तो कॉलरच्या आतून म्हणाला. "सोमवारपासून कायम."